होत नाही तोपर्यंत

एका वाक्यामुळे माणसाची झोप, गौरीचं जेवण आणि वर्षाचं रेटिंग अशा तीन गोष्टी एकदम जाऊ शकतात का? बॉसला तोंडावर काही बोललात तर जाऊ शकतात, मान्य. पण मी म्हणतेय ते वाक्य अगदी सज्जन होतं. 'प्लीज'ने सुरू होणारं. स्पेलिंग बरोबर, व्याकरण बरोबर, खाली एकही लाल रेघ नाही. फक्त त्याचा अर्थ मला म्हणायचं होतं त्याच्या बरोब्बर उलटा होत होता!

पण आधी थोडा फ्लॅशबॅक.

मी मराठी मीडियमची. कराडजवळच्या एका गावातली. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते 2000 साली, आणि मी पहिलीत गेले 1999 ला. म्हणजे माझ्या मागच्या बॅचची पोरं पहिलीपासून 'ए फॉर ॲपल' करत होती आणि आम्ही मात्र पाचवीपर्यंत थांबलो. एका वर्षाने गाडी चुकली. अजून कधीकधी मीटिंगमध्ये शब्द अडला की मी मनातल्या मनात त्या एका वर्षाला शिव्या घालते.

गंमत म्हणजे माझे वडील, अण्णा, हायस्कूलला इंग्रजीच शिकवायचे. त्यामुळे गावात सगळ्यांना वाटायचं, हिला काय टेन्शन! पण अण्णांचं इंग्रजी म्हणजे व्याकरण. फळ्यावर वाक्य लिहायचं, खाली रेघ मारायची, मेन क्लॉजला एम, सबॉर्डिनेट क्लॉजला एस, आणि मग विचारायचं, "सांगा, नाऊन क्लॉज, ॲडजेक्टिव्ह क्लॉज का ॲडव्हर्ब क्लॉज?" हे सगळं मराठीतून. नामवाक्य, विशेषणवाक्य, क्रियाविशेषणवाक्य. त्यांच्याकडे रेन अँड मार्टिनचं जाडजूड पुस्तक होतं, कव्हर निघालेलं, सेलोटेप लावलेलं. (त्यातल्या रेनसाहेबांनी 'ब्यू जेस्ट' नावाची फ्रेंच फॉरिन लीजनवरची साहसकादंबरी लिहिली होती, 1924 साली, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा कळलं असतं तर त्या पुस्तकाकडे जरा प्रेमाने बघितलं असतं.)

दहावीला 'डू ॲज डायरेक्टेड' नावाचा प्रश्न असायचा. आठवतो? 'रीराइट ॲज अ कॉम्प्लेक्स सेंटेन्स', 'रिमूव्ह टू', 'यूज नो सूनर दॅन'. मला त्यात पैकीच्या पैकी. गाईड आणि अपेक्षित न उघडता. साधं वाक्य द्या, मी मिश्र करून देते. मिश्र द्या, संयुक्त करून देते. पण मला कुणी रस्त्यात थांबवून 'व्हॉट इज द टाइम' विचारलं असतं, तर मी घड्याळ काढून त्याच्या हातात दिलं असतं.

इंजिनीअरिंग करून 2015 मध्ये पुण्यात नोकरीला लागले. हिंजवडी, काचेची बिल्डिंग, गळ्यात आयकार्ड, सगळं आलं. आणि मी एक युक्ती शोधली, जी तुमच्यापैकी अनेकांनी शोधली असणार. छोटी वाक्यं! 'आय चेक्ड. इट फेल्ड. आय फिक्स्ड इट. प्लीज कन्फर्म.' कर्ता, क्रियापद, कर्म, टिंब. यात चुकायला जागाच नाही. चूक होते ती कुठे? दोन वाक्यं जोडतो तिथे. म्हणून जोडायचंच नाही. 'ऑल्दो' आला की त्याच्या मागे 'बट' यायला बघतोच, कारण आपल्याकडे 'जरी'ला 'तरी' लागतो. 'जरी पाऊस होता तरी मी आलो.' मग इंग्रजीत 'ऑल्दो इट वॉज रेनिंग बट आय केम'. आपल्याला एकटा 'जरी' अर्धवट वाटतो, जोडीतला नवरा आला आणि बायको घरीच राहिली तसा. इंग्रजीत एकजणच पुरतो, दुसरा आला तर गर्दी होते. 'जो-तो'चंही तेच. 'जो अभ्यास करेल तो पास होईल' हे डोक्यात घेऊन बसलं की तोंडातून 'हू विल स्टडी ही विल पास' असं काहीतरी बाहेर पडतं.

आणि क्रम! 'शेजारच्या काकूंच्या साताऱ्याला राहणाऱ्या भावाने आणलेले कंदी पेढे' असं आपण एका दमात म्हणतो. पेढे सगळ्यात शेवटी. इंग्रजीत आधी पेढे ठेवायचे, मग ते कुणी आणले, मग तो भाऊ कुठे राहतो, मग तो कुणाचा, अशी शेपटी उलगडत जायची. मी ऑफिसात उशिराचं कारण सांगायला लागले की मराठी पद्धतीने सुरू करायची. ट्रॅफिक होतं, मग वाकड फ्लायओव्हरखाली बस बंद पडली, मग रिक्षा मिळेना... मॅनेजरचा चेहरा बघून कळायचं की हा माणूस मुख्य वाक्याची वाट बघतोय. त्याला आधी 'आय ॲम लेट' हवं, 'बिकॉज' नंतर.

माझ्या पहिल्याच अप्रेझलमध्ये लिहून आलं, कम्युनिकेशन सुधारा. मग मी रविवारचा एक स्पोकन इंग्लिशचा क्लास लावला. फी अण्णांनीच दिली. पैसे देताना एवढंच म्हणाले, "जिथं पिकतं तिथं विकत नाही, बाळ."

मी हसले. ते हसले नव्हते, हे आता आठवतं.

दुसरी एक गोष्ट सांगायला हवी. 2016 मध्ये ऑफिसात फॅमिली डे होता. आई-अण्णा गावाकडून आले. अण्णांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला, खिशाला दोन पेनं. माझा मॅनेजर आला, हात पुढे केला आणि त्याच्या फाडफाड इंग्रजीत विचारलं, "सो सर, व्हॉट डू यू डू?" अण्णा त्याच्याकडे बघत राहिले. एक सेकंद, दोन, तीन. मग म्हणाले, "यस." मी घाईने मध्ये घुसले. "ही इज अ टीचर." मॅनेजर "ओ ग्रेट, ग्रेट" करत पुढच्या कुटुंबाकडे गेला. टीचर म्हणाले मी. कशाचे ते सांगितलं नाही. मुद्दाम सांगितलं नाही. इंग्रजीचा मास्तर आणि 'व्हॉट डू यू डू'ला 'यस'? मला लाज वाटली होती, स्पष्टच सांगते. परतीच्या बसपर्यंत आम्ही तिघंही आईच्या गुडघ्यांविषयी बोलत होतो.

तर आता ते वाक्य.

2018 साल. गणपती 13 सप्टेंबरला बसले होते, गुरुवारी. शनिवारी गौरी यायच्या. मी शुक्रवारी रात्री स्वारगेटवरून बस पकडणार होते आणि शुक्रवारीच आमच्या अमेरिकेतल्या क्लायंटकडे एक अपग्रेड चालू होतं. आधी बॅकअप पूर्ण होणार, मग सर्व्हर रीस्टार्ट करायचा, एवढंच. बॅकअप रेंगाळला. हिंजवडीहून स्वारगेटला शुक्रवारी संध्याकाळी पोचायला किती वेळ लागतो हे ज्यांनी भोगलंय त्यांना माझी घालमेल कळेल. मी हँडओव्हरचा मेल लिहिला, तिकडच्या ऑपरेटरला. मनात मराठी वाक्य होतं, 'बॅकअप पूर्ण होत नाही तोपर्यंत सर्व्हर रीस्टार्ट करू नका.' एरवी मी याची चार तुकड्यांत चटणी केली असती. पण त्या दिवशी घाईत, आणि कदाचित क्लासचा कॉन्फिडन्स, जोडवाक्य लिहून गेले.

'प्लीज डू नॉट रीस्टार्ट द सर्व्हर अनलेस द बॅकअप इज नॉट कम्प्लीट.'

सेंड. बॅग उचलली, पळाले.

खंबाटकी घाटात फोन वाजला. रात्रीचा एक वाजला होता. आमचा लीड. "तू काय लिहिलंस त्यांना?" मी म्हटलं, बॅकअप होईपर्यंत रीस्टार्ट करू नका. तो म्हणाला, "परत वाच." रेंज येत-जात होती. मी मोबाइलवर मेल उघडला, तीनदा वाचला आणि तीनही वेळा मला तो बरोबरच वाटला! तिकडे मात्र भर दुपारी त्या ऑपरेटरने मेल वाचला, बॅकअप अर्धवट आहे हे बघितलं आणि सर्व्हर रीस्टार्ट केला. डेटाबेस बिघडला. आदल्या रात्रीची कॉपी चढवावी लागली आणि तिकडच्या लोकांनी त्या दिवशी सकाळपासून भरलेल्या सगळ्या ऑर्डर्स गेल्या. त्यांनी शनिवारी येऊन त्या पुन्हा हाताने भरल्या. सुट्टीच्या दिवशी. माझ्यामुळे.

पहाटे घरी पोचले तर अंगणात रांगोळी, आई शेपू निवडत बसलेली. गौरी येतात त्या दिवशी आमच्याकडे शेपूची भाजी आणि भाकरी असते. मी बॅग टाकली आणि रडायला लागले. आईला वाटलं, कुणीतरी गेलं.

अण्णा चहाचा कप घेऊन समोर बसले. म्हणाले, "वाक्य दाखव."

मी मोबाइल दिला. त्यांनी चष्मा वर केला, वाक्य वाचलं आणि सवयीने हाताशी असलेल्या पेपरच्या कडेला पेनने उतरवून घेतलं. मग रेघा. एम. एस. आणि मग त्यांचा चेहरा असा झाला, जसा पेपर तपासताना एखाद्या हुशार पोराच्या चुकीवर व्हायचा.

"अनलेसच्या पोटात एक नॉट आधीच आहे गं. अनलेस म्हणजे इफ नॉट. त्यात तू बाहेरून आणखी एक घातलास. म्हणजे नाही नाही. म्हणजे हो. तू त्याला काय सांगितलंस? बॅकअप अपुरा असेल तरच रीस्टार्ट कर."

"पण मराठीत 'नाही' लागतोच ना अण्णा?"

"लागतोच. 'पाऊस थांबत नाही तोपर्यंत बाहेर पडू नको.' नाही काढून बघ. 'पाऊस थांबतो तोपर्यंत बाहेर पडू नको.' काही कळतंय का? मराठीत तो नाही पाहिजेच. 'झाल्याशिवाय' म्हणालीस तर मात्र नको. 'बॅकअप झाल्याशिवाय करू नको.' ते शिवाय म्हणजे आपलं अनलेस. तू होत नाही तोपर्यंतचा नाही उचललास आणि झाल्याशिवायच्या शिवायला चिकटवलास."

दोन मिनिटांत. स्पोकनच्या क्लासमध्ये आम्ही एअरपोर्टवरचे संवाद म्हणून दाखवायचो, दोघं प्रवासी, एक काउंटरवाला. त्यात अनलेस कधी आलाच नाही.

मला वाटलं, आता बोलतील, मी शाळेत शिकवलं होतं ना. नाही बोलले. उलट त्यांना तरतरी आली. तुम्हाला सांगते, माझी नोकरी टांगणीला लागलेली आणि हा माणूस खुशीत! म्हणाले, "तू मिश्र वाक्याला घाबरतेस. लांब असतं म्हणून. पण लांबीशी काय संबंध? आपल्या संविधानाची उद्देशिका म्हण."

शाळेत परिपाठाला रोज म्हटलेली. झोपेत म्हणता येईल. म्हटली. 'आम्ही, भारताचे लोक' पासून शेवटपर्यंत.

"किती वाक्यं?"

"एक."

"मिश्र का केवल?"

एवढं लांबलचक, न्याय, स्वातंत्र्य, समानता, बंधुता, तारखेसकट. मी म्हटलं, मिश्रच असणार.

"केवल! कर्ता 'आम्ही'. क्रिया शेवटी, 'अर्पण करीत आहोत'. मधलं सगळं 'निर्धार करून' या करूनमध्ये बसवलंय. इंग्रजीतपण बघ, 'हॅविंग रिझॉल्व्ह्ड'. स्वतंत्र कर्ता-क्रियापद असलेलं गौण वाक्य एकही नाही. आख्ख्या देशाची प्रतिज्ञा एका सिम्पल सेंटेन्समध्ये. आणि आता हे बघ." त्यांनी पेपरवर लिहिलं, 'आय नो ही लाइड.' "चार शब्द. सिम्पल?"

"नाही. कॉम्प्लेक्स. आय नो मेन, ही लाइड नाऊन क्लॉज. मधला दॅट गाळलाय."

"पोरीचे मार्क गेलेले नाहीत," ते आईला म्हणाले.

आई म्हणाली, "भाजी फोडणीला टाकू का आधी नोकरीचं बघताय?"

त्यावरून आज्जीचा विषय निघाला. माझी आज्जी अंगठेबहाद्दर होती. पण दिवसभर तिच्या तोंडी मिश्र वाक्यंच. ज्याचं जळतं त्याला कळतं. जिथं पिकतं तिथं विकत नाही. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. आपल्या निम्म्या म्हणी बघा, जो-तो, जिथे-तिथे, जसं-तसं. गौण वाक्य पुढे, मुख्य वाक्य मागे. तिला कुणी सांगितलं असतं की म्हातारे, तू कॉम्प्लेक्स सेंटेन्स बोलतेस, तर तिने विळा उगारला असता. दादोबा पांडुरंगांनी मराठीचं व्याकरण 1836 मध्ये छापलं, इंग्रजी व्याकरणाचा नमुना समोर ठेवून. आमच्या आज्जीची पणजी त्याच्याही आधीपासून ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणत असणार. म्हणजे गोष्ट घरचीच होती. आम्ही ती शाळेत गेल्यावर इंग्रजी नावाने शिकलो, पाच मार्कांसाठी पाठ केली आणि मग तिला घाबरून राहिलो.

बरं, हे सगळं ठीक. पण मला संध्याकाळपर्यंत आरसीए पाठवायचा होता. आरसीए म्हणजे रूट कॉज ॲनालिसिस, म्हणजे साध्या भाषेत, घोळ कुणी घातला याचा लेखी खुलासा. लीडचा फोन आला. प्रेमाने म्हणाला, "जपून लिही हं. तो ऑपरेटर सीनियर आहे. मेल विचित्र वाटला तर त्याने विचारायला नको? तो पॉइंट येऊ दे." खरं सांगू, मलाही तो पॉइंट पटला होता. खरंच, विचारायला नको? मी लिहिलं:

'ऑल्दो द इन्स्ट्रक्शन वॉज सेंट ऑन टाइम, द ऑपरेटर डिड नॉट सीक क्लॅरिफिकेशन.'

ऑल्दो आहे, बट नाही. निर्दोष! मी अण्णांना लॅपटॉप फिरवून दाखवला, शाबासकी मिळेल म्हणून.

"मुख्य वाक्य कुठलं?"

"ऑपरेटरने विचारलं नाही."

"आणि तुझी चूक कुठं आहे?"

मी शोधली. मुख्य वाक्यात नव्हती. म्हटलं, ऑल्दोच्या आत असेल. तिथे गेले तर तिथे 'सूचना वेळेवर पाठवली गेली' असं उलट शाबासकीचंच बसलेलं. आणि 'पाठवली गेली'. कुणी पाठवली? वाक्यात माणूसच नाही. मी व्याकरणाचा इतका सुंदर वापर आयुष्यात पहिल्यांदा केला होता, आणि तो कशासाठी, तर स्वतःला वाक्यातून बाहेर काढण्यासाठी.

तुम्ही ऑफिसातले मेल कधी या नजरेने वाचलेत? वाचून बघा. जे लिहिणाऱ्याला सांगायचंय ते मुख्य वाक्यात, जे झाकायचंय ते ऑल्दो, सिन्स, व्हाइल यांच्या मागे. 'व्हाइल वुई ॲप्रिशिएट युअर हार्ड वर्क' ने सुरू होणारं वाक्य कुठे जाऊन संपतं हे इन्क्रिमेंटच्या महिन्यात सगळ्यांना माहीत असतं. कौतुक गौण वाक्यात, पगार मुख्य वाक्यात. उलट करून बघा, 'पगार वाढणार नसला तरी तुमच्या कामाचं आम्हाला कौतुक आहे.' माहिती तीच, पण माणसाला जेवण जातं.

अण्णांनी पुढे काही सांगितलं नाही. शहाण्या मास्तरासारखे उठून गणपतीच्या आरतीची तयारी करायला गेले. मी दोन तास ते एक वाक्य लिहीत होते. 'द ऑपरेटर रीस्टार्टेड' ने सुरुवात केली की पहिलं बोट त्याच्याकडे जायचं. 'देअर वॉज अ मिसकम्युनिकेशन' लिहिलं, खोडलं. ते तर कुणाचंच नसलेलं वाक्य. शेवटी हे झालं:

'आय रोट ॲन इन्स्ट्रक्शन दॅट सेड द ऑपोझिट ऑफ व्हॉट आय मेंट.'

मी अशी सूचना लिहिली, जी मला म्हणायचं होतं त्याच्या उलट सांगत होती. मुख्य वाक्य, त्याला लटकलेलं विशेषणवाक्य, त्याच्या पोटात आणखी एक नामवाक्य. तीन क्लॉज आणि पहिला शब्द 'आय'. पुढच्या वाक्यात लिहिलं की ऑपरेटरने ती तंतोतंत पाळली. पाठवताना हात थरथरत होता, हे काही साहित्यिक वर्णन नाही, खरंच थरथरत होता. लीडला कॉपीत ठेवलं. त्याने फोन केला नाही, फक्त एक थम्सअप पाठवला, त्याचा अर्थ अजून लागलेला नाही.

रात्री गौरीपुढे समई लावून आई झोपली. अण्णा आणि मी ओसरीवर. त्यांनी वाक्य पुन्हा मागितलं, मोबाइलवर वाचलं. म्हणाले, "चांगलं बसलंय." मग बराच वेळ काही नाही. मग एकदम, "तुझ्या त्या मॅनेजरनं काय विचारलं ते मला कळलं होतं."

मी गप्प.

"उत्तर तयार होतं. आय ॲम अ टीचर हू हॅज टॉट इंग्लिश सिन्स 1988. सिन्स आलाय म्हणजे हॅज टॉट पाहिजे, टॉट नको, एवढं तपासत होतो. वर्ष आधी घ्यावं का नंतर बघत होतो. तोवर तो पुढं गेला."

मला तेव्हा सॉरी म्हणता आलं नाही. मराठीत वडिलांना सॉरी म्हणायला वाक्यच नाहीये. माफ करा म्हटलं तर नाटकातलं वाटतं. मी म्हटलं, "अण्णा, आय टीच इंग्लिश एवढं म्हणायचं होतं ना." ते म्हणाले, "ते फार छोटं वाटलं असतं गं. तीस वर्षं होत आली होती."

पुढचं थोडक्यात. सोमवारी गौरी-गणपतीचं विसर्जन झालं आणि मंगळवारी मी ऑफिसात गेले. नोकरी गेली नाही. रेटिंग मात्र एका पायरीने घसरलं. त्या ऑपरेटरने दोन ओळींचा मेल पाठवला, बरं झालं स्पष्ट लिहिलंत, माझ्या मॅनेजरला दाखवलं. त्याच्यावरही काय टांगलेलं होतं ते तेव्हा कळलं. आमच्या टीममध्ये मी एक नियम आणला की हँडओव्हरच्या सूचनेत अनलेस आणि अनटिल चालणार नाहीत. 'आधी बॅकअप पूर्ण आहे का बघा. असेल तर रीस्टार्ट करा. नसेल तर थांबा आणि मला फोन करा.' छोटी वाक्यं, ओळीने. घाबरून लिहिलेली छोटी वाक्यं आणि मुद्दाम लिहिलेली छोटी वाक्यं दिसायला सारखीच असतात, हा भाग वेगळा. पण कारण सांगायचं असेल, जबाबदारी वाटायची असेल, तिथे मी आता जोडवाक्य चुकवत नाही. आजकाल मेल लिहून देणारी यंत्रं आलीत, मीही वापरते. फक्त आउटपुट आलं की मनातल्या मनात रेघ मारते. एम. एस. मी कुठे आहे?

कॉमाचं प्रकरण त्यानंतर सुरू झालं. अण्णा 2019 मध्ये रिटायर झाले, हातात स्मार्टफोन आला आणि माझे मेल 'तपासायला' मागवायला लागले. एकदा मी टीमसाठी लिहिलं होतं की ज्या लोकांनी रविवारी काम केलं त्यांना कॉम्प-ऑफ मिळेल. इंग्रजीत 'हू वर्क्ड ऑन संडे'च्या अलीकडे-पलीकडे दोन कॉमे टाकलेले, छान दिसतात म्हणून. अण्णांचा लगेच फोन. "सगळ्या टीमला सुट्टी देतेस काय? कॉमे काढ. कॉमा नसला तर हू निवड करतो, ज्यांनी काम केलं तेवढेच. कॉमे टाकलेस की तो नुसती जादा माहिती देतो, म्हणजे टीममधल्या सगळ्यांनीच रविवारी काम केलं आणि सगळ्यांनाच कॉम-ऑफ." (कॉम-ऑफ. हा शब्द त्यांनी माझ्याकडूनच उचलला, थोडा सांडून.) मराठीत आपल्याला 'ज्यांनी-त्यांना' आहे, कॉमावाचून अडत नाही. विरामचिन्हं तर आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात आली, मेजर कँडींच्या वेळी. त्याआधीची मोडीतली पत्रं बघा, सगळं सलग, रेघेखाली लटकलेलं, आणि तरी लोकांना कळत होतं कुणी कुणाला किती घोडे पाठवले ते.

2023 मध्ये मी कंपनी बदलली. नव्या ठिकाणी जॉइन झालं की स्वतःविषयी तीन ओळी द्यायच्या असतात, फोटोसकट, सगळ्यांना दिसतील अशा. छंद काय, गाव कुठलं वगैरे. मी ट्रेकिंग आणि मिसळ लिहिलं. मग तिसरी ओळ लिहिली, 'माय फादर हू टॉट मी इंग्लिश लिव्ह्ज निअर कराड.' कशाचे मास्तर, ते यावेळी लिहिलं. पाठवण्याआधी अण्णांना व्हॉट्सॲप केलं. दोन निळ्या टिका आल्या. टायपिंग सुरू झालं, थांबलं, परत सुरू झालं. मला वाटलं, गहिवरले असतील.

उत्तर आलं: "हू च्या आधी कॉमा कुठंय? इंग्लिशच्या पुढंपण एक पाहिजे. दोन्ही टाक. बाप काय चार-पाच आहेत तुला, त्यातला इंग्रजी शिकवणारा निवडायला?"